कॅम्पिंगच्या प्रवासासाठी स्वस्तातली जुनी स्टेशन वॅगन: निवड, तपासणी, तयारी

जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागपर्यंत नेलेली मोठ्या डिकीची गाडी, घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी मॉडेल ठरवतात आणि मग त्या मॉडेलची गाडी शोधत बसतात. स्वस्त गाड्यांच्या बाबतीत हे उलट करायला हवं. पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीची अवस्था कारखान्यापेक्षा आधीच्या मालकावर जास्त अवलंबून असते. नावाजलेल्या मॉडेलची हेळसांड झालेली गाडी घेण्यापेक्षा साध्या मॉडेलची वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी केव्हाही बरी. गाडी पारखताना पत्रा, कूलिंग आणि कागदपत्रं या तीन गोष्टींत तडजोड करू नका. बाकीचं बहुतेक सगळं पैसे टाकून दुरुस्त होतं.

खर्चाचा हिशोब सुरुवातीलाच पक्का करा. हातात जेवढी रक्कम आहे, तिच्या दोन-तृतीयांशात गाडी बसली पाहिजे. उरलेला एक-तृतीयांश टायर, बेल्ट, बॅटरी, ब्रेक, तेल, विमा आणि नावावर करण्याचा खर्च यांत जातो, आणि जातोच. सगळे पैसे गाडीत घालून लगेच प्रवासाला निघणं ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वेळेचंही तसंच. निघण्याच्या किमान दीड महिना आधी गाडी ताब्यात हवी, म्हणजे तिच्या खोडी घराजवळच कळतात.

आधी आत आडवं होऊन बघा

गाडीत झोपायचं असेल तर इंजिनाआधी माप घ्या. टेप सोबत न्या. मागची सीट पाडा, पुढच्या सीट पुढे सरकवा आणि मागच्या दरवाज्याच्या आतल्या कडेपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत लांबी मोजा. आपली उंची अधिक दहा सेंटिमीटर इतकी जागा मिळाली पाहिजे. रुंदी चाकांच्या उंचवट्यांमध्ये मोजायची, कारण तीच सर्वांत कमी असते. दोघांना निदान १०० ते ११० सेंटिमीटर लागतात. उंची मोजताना गादीचे आठ-दहा सेंटिमीटर वजा करा. नुसतं झोपायचं असेल तर फार अडत नाही, पण पावसात दोन तास आत बसून काढायचे असतील तर डोकं छताला लागतं की नाही हे बघावंच लागतं.

सीट दोन प्रकारे पडते. एका प्रकारात बसायची गादी आधी पुढे उभी करायची आणि मग पाठ तिच्या मागच्या खळग्यात पाडायची. जमीन सपाट होते, पण उभी केलेली गादी लांबी खाते. अशा गाड्यांत ती गादी बिजागरीसकट काढता येते का, ते बघा. दुसऱ्या प्रकारात पाठ सरळ गादीवर पडते. लांबी मिळते, पण पायरी किंवा उतार राहतो. उतार असेल तर १२ मिलिमीटरच्या प्लायची फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या एवढ्यावर काम भागतं. पाडलेली सीट आणि पुढची सीट यांच्यामधली फट सामानाच्या पेटीने भरून काढतात. पेटीची उंची त्याप्रमाणेच निवडायची.

आत असतानाच मागचा दरवाजा आतून उघडतो का, तेही तपासा. बऱ्याच वॅगनमध्ये आतून मूठ नसते, आणि मग रात्री बाहेर पडायला बाजूचा दरवाजाच वापरावा लागतो. दरवाजा वर नेऊन सोडून द्या. तो हळूहळू खाली येत असेल तर त्याचे गॅसचे दांडे गेलेत. ते बदलणं सोपं आणि स्वस्त आहे, पण थंडीत ते आणखी ढिले पडतात आणि दरवाजा डोक्यावर येतो.

यंत्र जितकं साधं तितकं बरं

टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, पुढची चाकं ओढणारी गाडी. स्वस्त वॅगनसाठी आमची पहिली पसंती हीच. डिझेल लांब पल्ल्याला काटकसरीचं असतं, पण जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं, धक्के शोषणारं दोन भागांचं चाक) आणि धुराचा फिल्टर यांपैकी एक जरी गेलं तरी खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ पोचू शकतो. शहरातल्या शहरात, छोट्या फेऱ्यांसाठी वापरलेली डिझेल तर टाळाच. फिल्टरमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापावा लागतो, आणि तशा वापरात तो तापतच नाही.

ऑटोमॅटिक वाईट नसते, पण गिअरच्या तेलाचा इतिहास हवा. ‘या गिअरबॉक्सला जन्मभर तेल लागत नाही’ असं कोणी सांगितलं तर ते कधीच बदललेलं नाही असं समजा. आर किंवा डी टाकल्यावर गाडी पकडायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेत असेल, किंवा गिअर बदलताना इंजिनाचा आवाज मधेच चढत असेल, तर ती गाडी सोडा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर सावकाश उचलताना येणारा थरथराट हे धोक्याचं लक्षण आहे.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा मोह अनेकांना होतो. चिखल, बर्फ, सुटी वाळू अशा ठिकाणी खरोखर जायचं असेल तरच ती घ्या. चांगले टायर आणि जमिनीपासून पुरेशी उंची असेल तर कच्च्या रस्त्यावरच्या बहुतेक जागी दोन चाकांवर चालणारी वॅगन पोचते. शिवाय चार चाकांच्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले लागतात. नाहीतर घेर वेगळे पडून पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं कपलिंग सतत घासत राहतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. ती अडखळत, झटके देत फिरली तर तेच कारण असू शकतं.

मॉडेलच्या ठरलेल्या खोडी मात्र माहीत हव्यात. सुबारूच्या अडीच लिटरच्या ईजे२५ इंजिनात हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) गळण्याचा प्रकार सर्वज्ञात आहे. १९९९ नंतरच्या सिंगल कॅमच्या इंजिनात ती गळती बहुधा बाहेरून दिसते, म्हणून खाली वाकून दोन्ही बाजूंना हेड आणि ब्लॉकच्या सांध्याची खालची कड बॅटरीच्या उजेडात बघा. तिथे तेलाची किंवा कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) ओल नको. व्होल्वो २४० (१९७४ ते १९९३) च्या आठ व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाहीत, हा मोठा दिलासा आहे. पण ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण भुगा होऊन गळतं. मर्सिडीजच्या १२४ मालिकेतल्या वॅगनना मागे आपोआप पातळी राखणारं सस्पेन्शन असतं. त्यातले गॅसचे गोळे बसले की मागचा भाग दगडासारखा आदळतो. जी गाडी बघायला जाणार असाल, तिच्या अशा दोन-तीन खोडी आदल्या दिवशी शोधून कागदावर लिहून न्या.

गंज

पत्र्याला सर्वांत जास्त वेळ द्या. इंजिन बदलता येतं. खालून कुजलेली बॉडी सरळ करायला जो खर्च येतो, त्यात दुसरी गाडी येते.

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना बघा. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर चरे आणि रंगातला फरक लपतो. क्रम असा ठेवा: चाकांच्या कमानी, दरवाज्यांखालचा लांब पट्टा, जॅक लावायच्या जागा, मागच्या दरवाज्याची खालची कड, मागच्या काचेचा तळ, बॉनेटखाली शॉक ॲब्सॉर्बर जिथे बसतात ते बुरूज, आणि मग खाली वाकून ब्रेक व पेट्रोलच्या धातूच्या नळ्या. कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक कमानींवरून फिरवा. एका जागी ते धरलं नाही तर रंगाखाली पुट्टी आहे आणि पुट्टीखाली बहुधा भोक. ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या पॅनलवर ही परीक्षा अर्थातच चालत नाही.

वरवरचा तांबूस गंज आणि कुजलेला पत्रा यांतला फरक अंगठ्याने कळतो. जोरात दाबा. पत्रा करकरला, पापुद्रे निघाले किंवा दबला तर तो आतून गेलाय. जॅकच्या जागी किंवा सस्पेन्शनच्या बोल्टभोवती असं आढळलं तर पुढे बघायची गरजच नाही.

वॅगनमध्ये एक जागा खास बघायची: स्टेपनीचा खळगा. डिकीचं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तळाला हात फिरवा. तिथे पाणी, चिखलाची रेघ किंवा गंजाची साय दिसली तर पाणी कुठून तरी येतंय. मागच्या दिव्यांच्या रबराची सील, छतावरच्या रेलिंगचे बोल्ट, सनरूफच्या तुंबलेल्या नळ्या आणि मागच्या वायपरची पाण्याची नळी या चार नेहमीच्या वाटा. शेवटची नवख्यांच्या लक्षात येत नाही: ती नळी पुढून छताच्या अस्तराआडून मागे जाते, मधेच सुटते आणि वायपरचं पाणी मारलं की थेट आत गळते. सील किंवा नळी बदलणं क्षुल्लक काम आहे. पण ज्या गाडीत झोपायचं तिच्यात ओल नको, आणि वास येणारं कार्पेट खाली वर्षभर मुरलेल्या पाण्याची खूण असते.

इंजिन थंड असताना

विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना जे दाखवतं, ते गरम इंजिन लपवतं.

कूलंटचं झाकण फक्त थंड असताना उघडायचं. आत स्वच्छ रंगीत कूलंट हवं. नुसतं पाणी, गंजाचा तपकिरी गढूळपणा किंवा वर तरंगणारं तेल दिसलं तर सावध. तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय छोट्या फेऱ्यांमुळेही धरते. तिच्या जोडीला कूलंटही कमी होत असेल तरच ती हेड गास्केटची खूण धरा.

मग इंजिन सुरू करा. टाकीत सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येईल, पण बारीक बुडबुडे सतत येत राहायला नकोत. झाकण लावा आणि रेडिएटरचा वरचा होज पंखा व पट्टे सांभाळून चिमटीत धरा. इंजिन अजून थंड असताना, पहिल्या मिनिटभरातच तो टणक झाला तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतोय. शंका राहिली तर मेकॅनिककडून निळ्या द्रावाची चाचणी करून घ्या. वायू असेल तर तो द्राव पिवळा होतो. गॅरेजमध्ये हे काम काही मिनिटांचं आहे.

मागे सायलेन्सरपाशी दुसऱ्या कोणाला तरी उभं करा. सुरू होताना निळसर धुराचा एक भपका आला तर व्हॉल्व्हचे सील झिजलेत. त्यावर काही दिवस चालवता येतं. वेग घेताना सतत निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. थंडीत पांढरी वाफ स्वाभाविक असते, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा आणि गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात सुरुवातीला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड ऐकू आली तर चेन किंवा तिचा ताण देणारा भाग संपत आलाय.

बेल्ट असेल तर प्रश्न एकच: शेवटचा कधी बदलला आणि पावती कुठे आहे? कंपनीचा अंतराल इंजिनानुसार साधारण ९० हजार ते १ लाख ६० हजार किलोमीटर असतो, शिवाय वर्षांचीही मर्यादा असते, आणि जुन्या गाडीत बहुधा वर्षं आधी संपतात. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करा. बदलताना ताण देणारा रोलर आणि बेल्टवर चालत असेल तर पाण्याचा पंपही त्याच वेळी बदला. पंप नंतर गेला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

चावी फिरवल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही, त्याचा बल्ब मुद्दाम काढलेला असू शकतो. १९९६ नंतरच्या अमेरिकी आणि साधारण २००१ नंतरच्या युरोपीय पेट्रोल गाड्यांत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) चालतो. ब्लूटूथचा स्वस्तातलाही पुरतो. कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. ‘रेडीनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी, बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसले गेलेत, किंवा बॅटरी काढली गेली होती.

चालवून बघणं

निदान अर्धा तास चालवा, आणि त्यात मोठ्या रस्त्यावरचा ९०-१०० च्या वेगाचा टप्पा हवा. रेडिओ बंद, काच थोडी खाली.

क्लचची परीक्षा: तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा) गेलाय. वेगासोबत वाढणारी घुंई असेल तर चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना ती वाढली तर दोष बहुधा उजव्या चाकात असतो, कारण वजन तिकडे जातं. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली किंवा पॅडल पायाखाली थरथरलं तर ब्रेक दुरुस्तीला धरा. यातलं काहीही गाडी नाकारण्याचं कारण नाही, किंमत कमी करण्याचं आहे.

परत आल्यावर एसी लावून गाडी दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा. तापमानाचा काटा एका जागी थांबला पाहिजे आणि पंखा आपोआप सुरू-बंद झाला पाहिजे. काटा हळूहळू वर सरकत असेल तर सामान भरून घाट चढताना काय होईल ते उघड आहे. याच वेळी हीटरही लावून बघा. चालताना गरम आणि उभं असताना गार हवा येत असेल तर कूलंट कमी आहे किंवा त्यात हवा अडकली आहे.

वजन आणि टायर

गाडी किती वजन वाहू शकते, हे जास्तीत जास्त एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्यावर कळतं. पहिला आकडा दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा कागदपत्रांवर मिळतो. रिकाम्या वजनात युरोपीय आकड्यांत चालकाचे ७५ किलो अनेकदा धरलेले असतात, तेवढं बघून घ्या. समजा ५०० किलोची मुभा आहे. दोन माणसं १५०, फळी आणि गाद्या ४०, चाळीस लिटर पाणी ४०, फ्रीज आणि शिधा ४०, तंबू-खुर्च्या-कपडे ६०, छतावरची पेटी सामानासह ५५. झाले ३८५. दोन माणसं मागे बसणार असतील तर हे गणित लगेच फिसकटतं.

छताची मर्यादा बहुतेक वॅगनना ७५ ते १०० किलो असते, आणि त्यात रॅकचं स्वतःचं वजनही आलं. ही मर्यादा चालत्या गाडीची आहे. पाणी आणि हत्यारं छतावर कधीच ठेवू नका. जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून तळाशी, आणि पुढे माणसांच्या बाजूला जाळी किंवा पक्के बांधलेले पट्टे. सैल पडलेला गॅस सिलिंडर जोरात ब्रेक मारला की थेट पुढच्या सीटवर येतो.

मागचे स्प्रिंग बसलेत का, ते बघायला चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. डावं-उजवं एक सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगळं नको.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढे भेगा बारकाईने बघा. दहा वर्षांचा टायर, नक्षी कितीही चांगली असली तरी, लांबच्या प्रवासाला नको. स्टेपनीचाही आकडा वाचा, बहुतेकदा ती गाडीइतकीच जुनी निघते. आणि चाकांना कुलूप-नट असेल तर त्याची चावी आताच मागून घ्या. पंक्चर झाल्यावर ती शोधण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं

चासी नंबर पुढच्या काचेखाली, बॉडीवर कोरलेला आणि नोंदणीत लिहिलेला, तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच हवा. १९८१ पासून तो बहुतेक गाड्यांत १७ अक्षरांचा असतो. विक्रेत्याचं ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळवा. कर्ज, दंड किंवा विमा कंपनीने बाद ठरवल्याची नोंद आहे का, ते अधिकृत नोंदीत तपासा. मीटर कमी दाखवत असेल आणि पॅडलचं रबर गुळगुळीत, चालकाच्या सीटची कड फाटलेली असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे आकडे तारखेप्रमाणे चढत जातात का, हाच खरा पुरावा.

घेतल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर, कूलंट, थर्मोस्टॅट, ब्रेकचं तेल, बाहेरचे पट्टे आणि फुगलेले किंवा मऊ पडलेले होज बदलून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवा. चाकं काढली-लावली असतील तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

झोपण्याच्या बाबतीत एक नियम जिवाशी निगडित आहे: आत झोपलेले असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, गॅसची शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत जाग येत नाही. बॅटरीवर चालणारा अलार्म उशाजवळ ठेवा. मागचा दरवाजा उघडा ठेवून गाडी चालवली तरी धूर आत ओढला जातो. दोन समोरासमोरच्या काचा दोन-दोन सेंटिमीटर उघड्या ठेवून त्यांना जाळी लावा. दोन माणसांच्या श्वासाने बंद गाडीत सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि गाद्या भिजतात.

सोबत जंप केबल, एक लिटर इंजिन ऑइल, पाच लिटर पाणी, फ्यूज, होजचे क्लँप, पंक्चरच्या काड्या आणि बारा व्होल्टचा पंप ठेवा. गाडी ओढण्याचा हुक हत्यारांच्या डब्यात आहे का, ते बघा. बंपरमधल्या त्याच्या भोकात तो अनेक गाड्यांत उलट्या आट्यांनी बसतो, म्हणून एकदा घरीच लावून पाहा.

शेवटची तयारी म्हणजे पूर्ण सामान भरून तीनशे ते पाचशे किलोमीटरची रंगीत तालीम, वाटेत एक चढाचा रस्ता आणि एक रात्र गाडीत. निघण्याआधी टायरमध्ये पट्टीवर लिहिलेली भरलेल्या गाडीची हवा भरा. मागच्या चाकांचा आकडा बहुधा जास्त असतो. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, कूलंट आणि तेलाची पातळी निघतानाच्या खुणेशी ताडून बघा. कूलंट किंचित उतरलं असेल तर नव्याने भरलेल्या कूलंटमधली हवा निघून गेली असेल. खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा शंभर किलोमीटर चालवा. दुसऱ्यांदाही उतरलं तर गळती सापडेपर्यंत प्रवासाची तारीख पुढे ढकला.